गुडघ्यांनाही आठवड्यातला एक वार द्या: बेळगाव जिल्हा आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव,
आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीचे तालुका आरोग्य अधिकारी साहेब, मॅडम,

नमस्कार.

खानापूर तालुक्यात बाजार भरतो अशा एका गावात माझं मेडिकल आहे. कुठल्या गल्लीत कुणाला काय दुखतंय हे बऱ्याचदा डॉक्टरच्या आधी मला कळतं, आणि सध्या जे कळतंय ते असं, की साठीच्या पुढचं माणूस दुकानात आलं की बीपीच्या गोळीबरोबर "ते दुखीचं पण एक पाकीट टाका" म्हणतंच. बीपी-शुगरचं आता बरं झालंय, तुमच्या आशाताई घरी येतात, दंडाला पट्टा बांधतात, बोटातलं रक्त घेतात, वहीत लिहून नेतात, त्याबद्दल तक्रार काहीच नाही उलट कौतुकच आहे. पण त्याच घरातल्या त्याच आज्जीला कट्ट्यावरून उठताना दोन्ही हात जमिनीला टेकून आधी मागचा भाग वर करायला लागतो मग पाठ, ते त्या वहीत कुठंच येत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, वय झालं की आज्जी आता, चालायचंच.

नाही चालायचं. म्हणून हे पत्र.

आधी एक सांगतो म्हणजे हा काहीतरी नवीन मागायला आलाय असं वाटायला नको. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम, एनपीएचसीई, २०१०-११ पासून देशात आहे. त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तरी लोकांना कळावं म्हणून लिहितो. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्या माणसांची ओपीडी. त्याच्या वरच्या सामुदायिक केंद्रात आठवड्यातून दोनदा, आणि तिथं फिजिओथेरपी. जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी १० खाटांचा वेगळा वॉर्ड. काठी, पट्टा असलं साहित्य पण त्यात धरलेलं आहे. म्हणजे जे मागायचं ते सगळं तुमच्याच फायलीत आहे, आमच्या पीएचसीच्या दारावर मात्र लसीकरणाचा वार लिहिलाय, गरोदर बायकांचा वार लिहिलाय आणि गुडघ्यांचा वार काही लिहिलेला नाही.

आता काउंटरच्या अलीकडून काय दिसतं ते सांगतो.

लोक येतात ते "गुडघ्यातलं वंगण संपलंय", "मणक्यात गॅप पडलाय", "नस दबलीय" असं सांगत येतात आणि सगळ्यांना हवी असते तीच एक डायक्लोफेनॅकची गोळी, गॅस होऊ नये म्हणून एक गोळी, आणि वर मलम. आता यातला एक जण असा असतो की त्याच्या गुडघ्याची खरंच झीज झालीय. दुसरीची हाडंच आतून ठिसूळ झालीत, तिचं दुखणं पाठीत आहे, आणि वर्षभरात ती दोन बोटं बुटकी झालीय हे फक्त तिच्या सुनेला लक्षात आलंय, कारण नऊवारीचा काठ आता जमिनीला लागतोय. तिसरीची बोटं सकाळी तासभर वळत नाहीत, पेरं सुजतात, तो आमवात, त्याचं औषधच पूर्ण वेगळं. आणि चौथा २००६ च्या चिकुनगुन्याला अजून शिव्या घालत बसलाय. (त्या साली देशभर सुमारे १४ लाख संशयित केसेस झाल्या आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या कर्नाटकात, आमच्याकडं अख्ख्या गल्ल्या भिंत धरून चालत होत्या, तुमच्यातल्या जुन्या स्टाफला आठवत असेल.) चार वेगळी दुखणी आणि गोळी एक. ती गोळी रोज खाल्ली की पोटात अल्सर होतो, किडनीवर येतं, आणि जी बीपीची गोळी तुम्ही एवढं फिरून चालू करून दिली तिचं काम हीच गोळी बिघडवते. प्रिस्क्रिप्शनशिवाय देत नाही म्हटलं तर म्हातारी माणसं भांडत पण नाहीत, गुपचूप उठून पुढच्या दुकानात जातात.

पण गोळीपेक्षा मला भीती पुडीची आहे. बाजाराच्या दिवशी कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या मिळतात, नाव नाही गाव नाही, कधी जडीबुटीची पावडर म्हणून मिळते, "एका दिवसात उठून चालायला लागली बगा आमची आई" म्हणून एकमेकांना सांगतात. एका दिवसात उठवणारं औषध म्हणजे बहुतेक वेळा स्टेरॉइड, डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन. भूक लागते, तोंड भरतं, गालावर तेज आल्यासारखं दिसतं, घरचे खूश. मग शुगर चढते, कातडी कागदासारखी पातळ होते, आणि मुख्य म्हणजे हाडं पोखरतात, म्हणजे ज्या दुखण्यासाठी घेतलं तेच आतून वाढतं. आणि ते एकदम बंद केलं तरी माणूस गळून पडतो, बीपी खाली येतं, त्यामुळं आमच्यासारख्यानं "ते बंद करा" एवढं सांगून पण भागत नाही, ते हळूहळू उतरवायला डॉक्टरच लागतो. त्या पुड्या तपासायच्या कुणी? अन्न-औषधवाल्यांकडं बोट दाखवू नका, तुमच्या ओपीडीत कुणी "सध्या अजून काय काय खाता, पिशवी आणा बघू" एवढं विचारलं तरी निम्मं बाहेर येईल.

आणि एक, आमवाताची मेथोट्रेक्सेट. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, रोज घेतली तर रक्तातल्या पेशी कमी होऊन जीव जाऊ शकतो. आता आमच्या आज्जीला जी चिठ्ठी मिळते ती इंग्लिशमध्ये, शिक्का कन्नडमध्ये, आणि आज्जी शिकली मराठी चौथी. मी पाकिटावर जाड पेनानं "फक्त सोमवारी" लिहून देतो. सगळे दुकानदार लिहीत असतील असं नाही. भाषेचा विषय काढला की आमच्या भागात लगेच दुसरंच वातावरण तयार होतं, मला त्यात पडायचं नाही, सीमेची केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे तिचा निकाल लागेल तेव्हा लागेल, गुडघे तोपर्यंत थांबणार नाहीत. औषध कधी किती घ्यायचं ही सूचना माणसाला वाचता येईल अशा भाषेत द्या, कन्नडवाल्याला कन्नडमध्ये मराठीवाल्याला मराठीत, एवढंच. १५ टक्क्यांवर लोकसंख्या असेल तिथं अल्पसंख्याकांच्या भाषेत महत्त्वाचे कागद द्यायचे असं केंद्राचं धोरण पण आहे. एक साधं पत्रक, दोन्ही भाषेत, मोठ्या टायपात. डीटीपी मी स्वखर्चानं करून देतो, खरंच.

आता मोडलेल्या खुब्याचं.

आमच्याच भागातल्या एक मावशी, सत्तरी ओलांडलेल्या, पावसाळ्यात पहाटे न्हाणीत घसरून पडल्या. शहाबादी फरशी, त्यावर साबणाचं पाणी, लाईट गेलेली. उचलून आणलं तर एक पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, हे दोन दिसलं की खुबा मोडला असं समजायचं हे शाळेतल्या पोराला पण शिकवता येईल. पण घरच्यांनी आधी काय केलं, हाडं बसवणाऱ्याकडं नेलं. लेप, बांबूच्या पट्ट्या, अंडं खाऊ घाला, तीन आठवडे हलवू नका. मनगटाचं हाड असेल तर एखादवेळेस तसं जुळून पण येतं, वाकडं का होईना. खुब्याचं म्हाताऱ्या माणसात बांधून जुळत नाही, आणि मुख्य म्हणजे ते माणूस अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, पायात रक्ताची गाठ होते. शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन करून तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करायचं, ही आज सगळीकडं मानलेली पद्धत आहे. मावशींना शेवटी एका मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा आधी सरकारी योजनेच्या कार्डाचं रेफरल, म्हणजे पुढं पाठवल्याची चिठ्ठी, आणा म्हणून परत पाठवलं, रेफरलची सही करणारे साहेब त्या दिवशी मीटिंगला, मग रविवार. ऑपरेशन झालं शेवटी, पण फार उशिरा, आणि त्या परत आपल्या पायावर चुलीपाशी गेल्या नाहीत.

खुबा मोडल्यावर वर्षभरात साधारण पाचातलं एक माणूस जातं, हा जगभरचा अनुभव आहे. आणि हे वाढणार आहे. १९९२ मध्ये तज्ज्ञांनी अंदाज केला होता की १९९० ला जगात वर्षाला साडेसोळा लाखांच्या आसपास खुबे मोडत होते ते २०५० पर्यंत साठ लाखांच्या वर जातील आणि त्यातले निम्मे आशियात असतील. का तर आमच्यासारख्या देशात माणसं आता म्हातारी होईपर्यंत जगायला लागलीत, हे चांगलंच आहे की, पण हाडं ज्या वयात भरायची, म्हणजे तिशीच्या आत, त्या वयात त्यांना ना दूध मिळालं ना विश्रांती, पाठोपाठ बाळंतपणं झाली, आणि पाळी गेली की बाईची हाडं पुढची काही वर्षं झपाट्यानं झिजतात. डोक्यावर चाऱ्याचा भारा, दिवसभर वाकून भात लावायचं नाहीतर उसात बसून भांगलण, निपाणीकडं विड्या वळताना मांडी घालून मान खाली, वडगाव-खासबागात माग. जगात २०१९ मध्ये ५२.८ कोटी लोकांना सांध्यांची झीज होती असं डब्ल्यूएचओ सांगते, त्यात बायका जास्त. पण श्रीमंत देशातल्या म्हातारीचा गुडघा दुखला तर तिला पेन्शन आहे, आमच्या आज्जीचा दुखला तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि संध्या सुरक्षा या म्हाताऱ्यांच्या सरकारी मदतीच्या १,२०० रुपयातले दोनशे-तीनशे माझ्या गल्ल्यात येतात, हे मला दिसतं रोज.

जिनिव्हात २००० साली हाडं आणि सांध्यांचं दशक म्हणून मोठा कार्यक्रम चालू झाला होता, २०१० ला ते दशक संपलं. आमच्या पीएचसीत एक पोस्टर पण आलं नाही त्याचं.

आहाराचं म्हणाल तर तो थोडा हसायचा विषय आहे. सल्ला मिळतो दूध प्या. दूध जातं डेअरीला आणि उरलं तर नातवाला, बेळगावच्या कुंद्यात जेवढं दूध आटतं त्यातलं थोडं जरी ते काढणाऱ्या आज्जीच्या पोटात गेलं असतं तर अर्धे गुडघे शाबूत राहिले असते, ती स्वतः पिते कोरा चहा. त्यापेक्षा नाचणी सांगा की. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर घरचीच पिकते, आंबील सगळ्यांना येते. म्हाताऱ्या माणसाला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर म्हणते, सगळं नाचणीनं भरणार नाही पण सुरुवात तर होईल. आणि डी व्हिटॅमिन. ऊन एवढं असून आपल्या देशात ते कमी असलेली माणसं भरपूर आहेत, म्हातारी माणसं घरात बसतात, अंगभर कपडे, कातडीची ते तयार करायची ताकद पण वयानं कमी होते. आठवड्याची ६०,००० युनिटची कॅप्सूल डॉक्टर काही आठवडे देतात आणि मग थांबवतात, आमच्याकडं कुणी थांबवायला सांगितलंच नाही म्हणून वर्षभर घेणारे पण आहेत, आणि दुसरीकडं एकदाही न मिळालेले.

फुकट हाडं तपासणी शिबिरांबद्दल पण दोन शब्द. मंगल कार्यालयात टेबल लावतात, टाचेवर मशीन ठेवतात, कागद येतो, सगळ्यांचाच लाल रंगात, आणि शेजारच्याच टेबलावर कॅल्शियमचे डबे विकायला. टाचेची तपासणी ही अंदाजाची, पक्कं निदान हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा मशीनवर खुबा आणि कंबर बघून करतात, घनतेचा आकडा म्हणजे टी-स्कोर उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. ती मशीन गावोगाव द्या असं मी म्हणणार नाही, मला खर्च कळतो. पण पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं मनगट मोडलेली बाई, पाठीला बाक येत चाललेली बाई, बरेच दिवस स्टेरॉइड खाल्लेलं माणूस, एवढ्यांना हुडकायला मशीन लागत नाही. प्लास्टर काढलं की आपण त्यांना घरी पाठवतो. खरं तर ते पहिलं मोडणं म्हणजे पुढं खुबा मोडणार त्याची नोटीस असते. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी आहे, स्वस्तात मिळते, फक्त उपाशीपोटी पेलाभर पाण्यातून घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हे कुणीतरी समोर बसून सांगायला लागतं, नाहीतर अन्ननलिका भाजून निघते आणि बाई दुसऱ्याच आठवड्यात बंद करते.

गुडघ्याच्या झिजेला तर बहुतेकांना आधी औषधापेक्षा फिजिओच लागतो. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्यानं ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. एवढंच. पण हे मोबाईलवर बघून होत नाही, पहिले चार-सहा वेळा कुणीतरी हात लावून शिकवायला लागतं, चुकलं तर सांगायला लागतं, आणि दुखतंय म्हणून सोडलं तर रागवायला पण. तो माणूस आमच्या टापूत नाही. खासगी फिजिओ आहेत ते बेळगावात, जांबोटी-कणकुंबीकडच्या आज्जीनं एक दिवसाआड बेळगावला जायचं कसं? बस फुकट आहे, शक्ती योजना चांगलीच आहे, २०२३ पासून बायका माहेरी जाऊन यायला लागल्यात. पण बसची पहिली पायरी केवढी उंच असते बघितलीय? दुखरा गुडघा तिथंच हार मानतो. कंडक्टर चांगला असला तर हात देतो, गर्दी असली तर बस निघून जाते.

संडासाचा पण विषय काढतो, लाज वाटायचं काय कारण नाही. स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयात बांधलेले सगळे खाली बसायचे. ज्या बाईला उकिडवं बसता येत नाही ती पाणी प्यायचं कमी करते म्हणजे जायलाच नको, मग बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, आणि रात्री घाई झाली की अंधारात पडणं. भिंतीला एक लोखंडी पाईप आडवा ठोकला आणि एक खुर्चीवजा स्टूल दिला तर काम होतंय. हे तुमच्या खात्यात येत नाही, पंचायतीत येतं, माहीत आहे. पण तुम्ही पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला, एक पत्र लिहिलंत तर ते वाचतात, आम्ही लिहिलं तर इनवर्डला पडतं.

पैशाचं थोडक्यात. गुडघ्याची वाटी बदलायची म्हटलं की लोक अजून शेत विकायच्या गोष्टी करतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं इम्प्लांटच्या किमती बांधून दिल्या, साधा कोबाल्ट-क्रोमियमचा सेट टॅक्स सोडून ५४,७२० रुपयांवर आला, हे दहातल्या नऊ जणांना माहीत नाही. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. सत्तरीच्या वरच्यांना उत्पन्न न बघता कार्ड द्यायला केंद्रानं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली. तिकडून महाराष्ट्रानं ८६५ सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं त्यावरून दोन्ही सरकारांत वाजलं. आज्जीच्या हातात कार्डांची चळत झालीय आणि नेमकं कुठलं कुठल्या खिडकीवर चालतं ते सांगायला कुणी नाही. सगळ्यांनाच वाटी बदलायची गरज नसते ते वेगळं, पण ज्याला आहे त्याला कळू तर द्या.

तर मागणं असं आहे. तुमच्याच कार्यक्रमातला तो आठवड्याचा एक वार आमच्या पीएचसीत खरोखर चालू करा, बाजाराच्या दिवशीच ठेवा म्हणजे लोक तसेही गावात येतात, वेगळं भाडं पडत नाही. त्या दिवशी तालुक्यावरून एक फिजिओ फिरता ठेवा, आज या पीएचसीला उद्या त्या. आशाताईंच्या वहीत दोनच प्रश्न वाढवा, गेल्या वर्षात पडलात का, आणि हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का. खुबा मोडल्याची केस आली की त्याच दिवशी रेफरल निघायला पाहिजे, साहेब मीटिंगला असले तर दुसऱ्याची सही चालेल असा लेखी आदेश काढा, आणि १०८ वाल्यांना सांगून ठेवा की पाय आखूड आणि वळलेला दिसला तर मध्ये कुठं न थांबता जिथं हाडाचा सर्जन आहे तिथंच न्या. खानापूरच्या जंगलातल्या वाड्यांचं काय करायचं ते मात्र मलाही सुचत नाही, पावसाळ्यात तिथं आजारी माणूस अजून बांबूच्या डोलीतून आणतात, पेपरात फोटो येतात तेवढ्यापुरतं सगळे हळहळतात.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा उत्तर कर्नाटकाच्या मागासलेपणावर भाषणं होतात. त्याच्या आधी हे झालं तर बरं, कारण अधिवेशनात सगळा स्टाफ बंदोबस्ताला जातो आणि आमची ओपीडी तेवढे दिवस अशीच.

वार ठरला की कळवा. पहिल्या दिवशी नावं लिहून घ्यायला मी दुकान बंद ठेवून येतो, कन्नड-मराठी दोन्ही लिहिता येतं. खुर्च्या गणपती मंडळाच्या आहेत, त्या उंच आहेत आणि हाताच्या आहेत, मंडळाच्या पोरांशी बोलणं झालंय.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक मेडिकलवाला